साथीदाराचे कर्तृत्व : फ्रेड वेस्ली यांच्या ट्राँबोनवादनाचा विचार

संगीतविषयक समीक्षेत कर्तृत्वाचा निर्णय बहुधा तबकडीवर छापलेल्या नावावरून केला जातो. हा निकष किती अपुरा आहे, हे अमेरिकन ट्राँबोनवादक फ्रेड वेस्ली यांच्या कारकीर्दीवरून स्पष्ट होते. १९७३ साली 'डूइंग इट टू डेथ' ही तबकडी 'फ्रेड वेस्ली अँड द जे. बी.ज' या नावाने निघाली आणि अमेरिकेतील 'ऱ्हिदम अँड ब्लूज' संगीताच्या क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचली. तीत गाणारा आवाज मात्र जेम्स ब्राऊन यांचा आहे. गाता गाता पट्टी बदलण्याची आज्ञाही तेच देतात. मग ही कृती कोणाची?

वेस्ली यांचा जन्म १९४३ चा. वडील संगीतशिक्षक आणि वाद्यवृंदाचे चालक. बालपण अलाबामातील मोबील येथे गेले व मनाची ओढ जॅझकडे राहिली. १९६८ मध्ये ते ब्राऊन यांच्या वृंदात आले; काही काळ दूर राहून परतल्यावर १९७५ पर्यंत वृंदाचे संगीतसंचालक होते. पुढे जॉर्ज क्लिंटन यांचा फंकसंच व १९७८ मध्ये काउंट बेसी यांचा जॅझवृंद असा त्यांचा प्रवास झाला. 'न्यू फ्रेंड्स' हा जॅझसंग्रह १९९० चा.

या क्रमावरून फंक म्हणजे चाकरी आणि जॅझ म्हणजे आत्माविष्कार, अशी विभागणी करण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. ट्राँबोनमध्ये नळी पुढेमागे सरकवून स्वर साधावा लागतो. त्यामुळे स्वरास्वरांत घसीट येणे सहज, तर तुटक व नेमका आघात साधणे कष्टाचे. फंकमध्ये सारा भार पहिल्या मात्रेवर असतो व सुषिर वाद्यांनाही तालवाद्यांप्रमाणे वागावे लागते. वेस्ली यांनी या मंदगती वाद्याकडून ते काम करवून घेतले. त्यांची स्वरवाक्ये आखूड असतात, आणि दोन वाक्यांमधील विराम स्वरांइतकाच बोलका असतो. हा संयम जॅझच्या अभ्यासाविना आला नसता. म्हणजे फंकमध्ये त्यांचे जॅझ लोपले नाही. ते तेथे शिस्तीच्या रूपाने वावरले.

रचनेच्या बाबतीतही हेच दिसते. ब्राऊन एखादी कल्पना गुणगुणून वा तोंडाने ठेका धरून सुचवीत. तिला वृंदाला वाजविता येईल असे रूप देणे वेस्ली यांचे काम होते. उलट १९७४ च्या 'ब्लो युअर हेड' मध्ये नाव वेस्ली यांचे, परंतु कानात राहतो तो ब्राऊन यांनी वाजविलेल्या मूग सिंथेसायझरचा ध्वनी. १९८७ मध्ये 'पब्लिक एनिमी' या रॅपसंचाने त्याचाच आधार घेतला.

अर्थात या सहकार्याचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. चुकणाऱ्या वादकास दंड करणारी ब्राऊन यांची सत्ता कठोर होती, आणि श्रेय व मोबदला यांचे वाटप त्याच सत्तेच्या हाती होते. वेस्ली यांचे २००२ सालचे आत्मकथन या संबंधातील कटुता लपवीत नाही. तरीही त्याच्या उपशीर्षकात ते स्वतःला 'साइडमन', म्हणजे साथीदार म्हणवितात. यात केवळ विनय नाही. आपल्या कलेच्या स्वरूपाची यथार्थ जाणीव आहे.

साथीला दुय्यम मानणारी समीक्षा अशा कलावंतास एक तर ब्राऊन यांची सावली ठरवील, नाही तर दडपलेला जॅझवादक. दोन्ही निर्णय कृती न ऐकता केलेले ठरतील. साथीदाराचे कर्तृत्व शोधावयाचे ते वेष्टनावर नव्हे, तर तो कोठे वाजवितो आणि कोठे थांबतो, यात.