क्षेत्रकार्य पर्यवेक्षण : अहवालात न उतरणारे संवाद

समाजकार्य शिक्षणात क्षेत्रकार्यास अनन्यसाधारण स्थान आहे, हे विधान बहुतेक क्षेत्रकार्य पुस्तिकांच्या आरंभी आढळते. त्यास ऐतिहासिक आधारही आहे. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ मध्ये मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केले. त्या वस्तीकार्याच्या अनुभवातूनच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभे राहिले.

प्रश्न आहे तो पर्यवेक्षणाचा. आल्फ्रेड कदुशिन यांनी १९७६ च्या ‘सुपरव्हिजन इन सोशल वर्क’ या ग्रंथात पर्यवेक्षणाची प्रशासकीय, शैक्षणिक व आधारात्मक अशी तीन कार्ये मांडली. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पहिल्या कार्याने उरलेली दोन्ही गिळून टाकली आहेत. हजेरी व तास तपासले, अहवालावर तारखेसह स्वाक्षरी केली, की पर्यवेक्षण झाले असे मानले जाते.

याचा परिणाम अहवालाच्या भाषेवर होतो. ऊसतोड कामगारांच्या गावातील गृहभेट उदाहरणादाखल घेता येईल. ‘गृहभेट दिली. मुलीच्या शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले. प्रतिसाद चांगला मिळाला.’ अशा धर्तीची वाक्ये अहवालात सहज खपून जातात. या तीन वाक्यांत मुलीची आई एक शब्दही बोलत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल, हंगामात करावे लागणारे स्थलांतर, आईवडील दोघेही फडात असताना धाकट्या भावंडास कोणी सांभाळायचे, यांपैकी काहीच कागदावर येत नाही. शिक्षणाचे महत्त्व त्या आईस ठाऊक नव्हते, हे गृहीतक मात्र येते. जागरूक पर्यवेक्षक येथे केवळ शुद्धलेखन दुरुस्त करणार नाही. आई काय म्हणाली, ती गप्प राहिली असल्यास विद्यार्थ्याने त्या मौनाचा काय अर्थ लावला, गावात हंगामी वसतिगृहाची सोय आहे का याची चौकशी केली का, हे तो विचारील. वैयक्तिक परिषद असते ती यासाठीच.

रिक्त पदे व वाढता कार्यभार ही अडचण खरी आहे, सबब नव्हे. तथापि विद्यार्थ्यास चूक सुधारण्यासाठी पुढचा आठवडा मिळतो. ते कुटुंब तोवर कारखान्याच्या वाटेला लागलेले असू शकते. सर्वच अहवाल बारकाईने वाचणे शक्य नसेल, तर प्रत्येक विद्यार्थ्याकडून दरमहा निदान एका भेटीचे संवादासह प्रक्रियालेखन घ्यावे, त्यावर वैयक्तिक परिषदेत चर्चा करावी व गुणही त्यालाच द्यावेत. अक्षर आणि मुखपृष्ठ यांचे गुण त्यासाठी कमी करता येतील.