रसगुल्ला आणि पातोळी

सुशिक्षित मराठी माणसांच्या बैठकींत मिठाईचा विषय निघाला कीं एक खंत ठरलेलीच असते. बंगालनें रसगुल्ला दिला, संदेश दिला; आमच्या कोंकणानें देशाला कोणतें पक्वान्न दिलें? प्रस्तुत लेखक बांद्याचा. तेरेखोल नदीच्या कांठीं, गोव्याच्या वेशीजवळ वसलेल्या या गांवांत बालपण गेल्यामुळें ही खंत त्यालाही पुष्कळ वर्षें आपलीच वाटत असे. आतां वाटतें कीं, प्रश्नच चुकीचा मांडला जातो.

बंगाली मिठाईचा मोठेपणा निर्विवाद आहे. दूध आंबट पदार्थानें फोडून काढलेला छेना हा तिचा पाया. कलकत्त्याच्या बागबाजारांत नबीनचंद्र दास यांनीं १८६८ सालीं रसगुल्ला सिद्ध केला, असें बंगाली लोक मानतात. ओडिशा त्याचें मूळ पुरीच्या जगन्नाथ मंदिरांत शोधतो. बंगालच्या रसगुल्ल्यास २०१७ सालीं व ओडिशाच्या रसगुल्ल्यास २०१९ सालीं भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली, आणि सरकारदफ्तरीं तरी दोघांचाही मान राहिला. परंतु लक्ष्यांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ही मिठाई मुख्यत्वें दुकानाची आहे. तिच्यामागें ‘मयरा’ म्हणजे हलवाई, त्याची पिढीजात कारागिरी आणि चोखंदळ गिऱ्हाईक उभें आहे. म्हणूनच तिच्या कर्त्याचें नांव सांगतां येतें, आणि कीर्तीला नांव लागतेंच.

आमची पातोळी पाहा. भिजवून वाटलेल्या तांदळाचें पीठ हळदीच्या पानावर पसरावयाचें, त्यावर ओल्या नारळाचें व गुळाचें चून घालावयाचें, पान दुमडून वाफवावयाचें. एवढाच तिचा विधि. पण तें पान पावसाळ्यांत परसांत उगवतें आणि हिंवाळ्यांत हळदीचीं रोपें वाळलीं कीं संपतें. नागपंचमीला ती आमच्याकडे होते. वेशीपलीकडे गोव्यांतील ख्रिस्ती घरांत ती १५ ऑगस्टला, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला होते. देव निराळे, पान मात्र एकच. अशा पदार्थाचा कर्ता कोण म्हणून सांगणार? आणि पान उकलतांच येणारा तो सुवास डब्यांत भरून परगांवीं कसा धाडणार?

याच भूमीवरचें खाजें मात्र प्रवासी आहे. बेसनाच्या बोटाएवढ्या कांड्या तळून आल्याच्या वासाच्या गुळाच्या पाकांत घोळल्या कीं त्या दिवसेंदिवस टिकतात. सोनुर्लीच्या माउलीची जत्रा असो कीं आंगणेवाडीच्या भराडीदेवीची, खाज्याच्या दुकानावांचून जत्रा नाहीं; रात्रभर दशावतार पाहून पहाटे परतणारा माणूस घरीं राहिलेल्यांसाठीं खाज्याचा पुडा घेतल्यावांचून सहसा येत नाहीं. जें टिकतें त्याला दुकान मिळतें. जें टिकत नाहीं तें घरांत राहतें. रसगुल्ला व पातोळी यांतील अंतर गुणांचें नसून याच धर्माचें आहे. बंगालचें माप लावून कोंकणाला दरिद्री ठरविणें हा टीकेचा न्याय नव्हे.

येथेंच थांबलों असतों तर लेख सुखान्त झाला असता. पण मग एक गोष्ट लपविल्यासारखी होईल. आमच्या घरीं पातोळ्या होत तेव्हां आई काळोखांतच उठून तांदूळ वाटी. आम्ही पुरुष मंडळी पाटांवर बसून एकामागून एक पान उकलीत असूं, आणि ती सर्वांच्या शेवटीं, पुष्कळदां फाटलेल्या पानांतल्या पातोळीवर, जेवण उरकी. ‘आईच्या हाताची चव’ असें गोंडस नांव देऊन आम्ही तिच्या कष्टांतून मोकळे झालों. मयऱ्याला दाम मिळाला, नांवही मिळालें. तिला दोन्ही नाहीं. पातोळीला कर्ता नाहीं असें वर म्हटलें खरें, परंतु कर्त्री प्रत्येक घरांत होती. आम्हीं तिचें नांव विचारलें नाहीं, इतकेंच.

म्हणून बंगालपासून घ्यावयाचा धडा रसगुल्ल्याचा नव्हे, मयऱ्याचा आहे. आज आमच्या जिल्ह्यांत बचत गटांतील स्त्रिया घरगुती पदार्थ करून विकतात. ‘घरचा सण बाजारांत गेला’ म्हणून हळहळणारे सद्गृहस्थ मला भेटतात. त्यांना मी एवढेंच विचारतों कीं, आपण कधीं तांदूळ वाटलेत काय? ज्यांनीं वाटले नाहींत, त्यांनीं किंमत देऊन घ्यावें, करणारीचें नांव विचारावें आणि येत्या नागपंचमीला एक तरी पान स्वतः भरून पाहावें. तेवढें झालें तर पातोळीला कीर्तीची वाण पडणार नाहीं, आणि नाहीं मिळाली तरी तिचें कांहीं अडणार नाहीं.