बाजारांत तुरी आणि आकाशांत नौका

अकोल्याहून वाशीमकडे निघालें आणि पातूरचा घाट मागें पडला, म्हणजे मालेगांवच्या अलीकडे मेडशी हें गांव लागतें. गेल्या दिवाळींत तेथें माझ्या वडील बंधूंच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. पुतण्याहि पुण्याहून आला होता. तो तिकडे संगणकाच्या एका कचेरींत नोकरीस आहे. एके दिवशीं दुपारीं ओसरीवर बसून त्यानें आपल्या यंत्राच्या पडद्यावर एक नौका पुढें आणली आणि मोठ्या कौतुकानें म्हणाला, "काका, ही माझी." नौका पाण्यांतली नव्हे, आकाशांतली. तिला शिडी होती, आपोआप उघडणारें दार होतें, चालकाची खुर्ची होती, निजावयास फळ्या होत्या. "विकत घेतलीस?" असें मीं विचारलें. "हो. दोनशें चाळीस डॉलर." शेजारीं सोयाबीनचीं पोतीं मोजीत असलेल्या वडील बंधूंनीं मान वर केली, पडद्याकडे क्षणभर पाहिलें आणि विचारलें, "अन् हे बांधतं कुठी?"

सगळे हसले, पुतण्याहि हसला. पण हसूं ओसरल्यावर मी मनांत हिशेब करूं लागलों. दोनशें चाळीस डॉलर म्हणजे वीस हजार रुपयांहून अधिक. २०२५-२६ च्या हंगामासाठीं सरकारनें तुरीचा आधारभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरविला. तेव्हां ही नौका अडीच क्विंटल तुरीची झाली. तुरी अजून बाजारांत आहेत तोंच घरांत बायकोला मारणाऱ्या भटाची म्हण आपण सर्वांनीं ऐकली आहे. येथें तर पैसा मोजून झाला, नौका पदरांत पडली, आणि ज्या खेळांत ती चालावयाची तो खेळच अजून पुरा झालेला नाहीं.

मग पुतण्या फसला काय? त्याला तसें मुळींच वाटत नाहीं. आणि त्याला भोळा ठरविण्याचा अधिकार मला आहे, असें मलाहि वाटत नाहीं. परंतु कल्पित सृष्टीचें मोल कसें करावें, हा प्रश्न मूळचा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा आहे. म्हणून नाटक-कादंबऱ्यांच्या पंक्तीला या खेळाला बसवून त्याचें परीक्षण करावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

खेळाचें नांव 'स्टार सिटिझन'. त्याचे कर्ते ख्रिस रॉबर्ट्स हे या क्षेत्रांत नवखे नव्हेत. १९९० सालच्या 'विंग कमांडर' या आकाशयुद्धाच्या खेळानें त्यांची कीर्ति झालेली होती. २०१२ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं आपला नवा संकल्प लोकांपुढें मांडला, आणि धनिक प्रकाशकाच्या दारीं न जातां भावी खेळाडूंकडूनच वर्गणी मागितली. महिन्या-दीड महिन्यांत ६२ लाख डॉलर जमले. खेळ २०१४ च्या नोव्हेंबरांत हातीं पडेल, असा अंदाज तेव्हां देण्यांत आला होता. पुढें पैसा जसजसा वाढला तसतसा बेतहि वाढत गेला. अमुक रक्कम जमली कीं नवी नौका, तमुक जमली कीं नवी सृष्टि, अशीं आश्वासनें साडेसहा कोटी डॉलरांपर्यंत चालू राहिलीं. २०१४ उलटलें. २०२२ मध्यें वर्गणीनें ५० कोटी डॉलरांचा आंकडा ओलांडला आणि २०२४ मध्यें ७० कोटींचा. याच संकल्पांतून निघालेला 'स्क्वाड्रन ४२' हा एकट्यानें खेळावयाचा कथात्मक भाग २०२६ मध्यें येईल, असें २०२४ च्या ऑक्टोबरांत जाहीर झालें; मुख्य खेळाला मात्र त्या वेळींहि तिथि दिली गेली नाहीं.

परीक्षकानें गुण आधीं सांगावे. जेवढें तयार झालें आहे तेवढें चाचणीच्या रूपानें वर्गणीदारांना खेळावयास मिळतें, आणि तें सामान्य नाहीं. ग्रहाच्या भूमीवर उभें राहावें, शिडी चढून नौकेंत शिरावें, ती उडवावी, मेघ ओलांडून काळ्या आकाशांत जावें आणि दुसऱ्या ग्रहावर उतरावें. या सगळ्या प्रवासांत कोठेंहि पडदा पडत नाहीं, कोठेंहि प्रवेश तुटत नाहीं. २०२४ च्या डिसेंबरांत 'स्टँटन' या सूर्यमालेच्या जोडीला 'पायरो' ही दुसरी आली, आणि एकाच सृष्टीचा भार अनेक संगणकांवर वांटून देण्याची अवघड युक्ति तेव्हां प्रत्यक्षांत उतरली. पुतण्यानें मला एका चंद्रावर उभें करून क्षितिजावर ग्रह उगवतांना दाखविला. मी बराच वेळ कांहीं बोललों नाहीं.

दोष असा कीं, या सृष्टींत वस्तु अपार आहेत आणि घटना थोड्या. खुर्चीची शिवण दिसते, दाराच्या पट्टीवरचा ओरखडा दिसतो. परंतु त्या खुर्चींत बसून कोठें जावयाचें आणि कशासाठीं, याचें उत्तर पातळ आहे. एखाद्या कादंबरीकारानें वाड्याचें वर्णन चारशें पानें करावें आणि वाड्यांत राहणाऱ्या माणसांना पुढच्या भागाचा वायदा द्यावा, तशांतला हा प्रकार आहे.

आतां पैशाचा प्रश्न. पहिला आक्षेप वडील बंधूंच्या विनोदांतच आला. वस्तु खोटी आहे. ती गोठ्यांत बांधतां येत नाहीं, मोडून विकतां येत नाहीं. हा आक्षेप टिकत नाहीं. १९२१ सालीं मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं मिळून 'मानापमाना'चा प्रयोग केला, तेव्हां लोकांनीं चढ्या दरानें तिकिटें घेतलीं. रात्र सरल्यावर त्यांच्या हातीं काय राहिलें? जें राहिलें तें सांगतां येत नाहीं, पण त्याला कोणी खोटें म्हटलें नाहीं. आनंदासाठीं पैसा मोजणें हें ज्याला अमान्य असेल त्यानें या मासिकाची वर्गणीहि भरूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, वस्तु तयार होण्यापूर्वीं पैसा देऊं नये. हाहि सरसकट खरा नाहीं. आमच्या वऱ्हाडांत संत्र्याचा बहार झाडावर असतांनाच व्यापारी बाग घेतो. फळ हातीं येण्यापूर्वींच सौदा होतो, आणि दोघेहि पक्ष त्यांत समाधानी असतात. वाङ्मयांतलें उदाहरण याहून मोठें आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांचें शिक्षण अमरावतीस झालें, त्यांनीं १९१६ सालीं नागपुरास ज्ञानकोश मंडळ स्थापिलें. भाग विकले, गांवोगांव वर्गणीदार मिळविले, आणि एकहि पान छापून झालें नसतां मराठी माणसांकडून पैसा उभा केला. त्या काळच्या कारकुनाला आणि मास्तराला ती वर्गणी हलकी नव्हती. तीहि न बांधलेल्या नौकेचीच किंमत होती. कोश म्हणून मागितला, आणि आधीं पांच प्रस्तावनाखंडच हातीं आले. त्या वेळीं कपाळाला हात लावणारा वर्गणीदार एखादा तरी असेलच. परंतु खंड येत गेले. तेवीस खंड झाले आणि काम संपलें. त्या उद्योगाची हकीकतहि केतकरांनीं 'माझें बारा वर्षांचें काम' या पुस्तकांत लिहून ठेवली.

मग भेद कोठें आहे? माझ्या मतें तो असा. बागेच्या सौद्याला ऋतूचें बंधन आहे; फळ पिकावयाचें तेव्हां पिकतें, आणि व्यापारी शहाणा कीं मूर्ख हें त्या दिवशीं ठरतें. ज्ञानकोशाला वर्णमालेचें बंधन होतें. काम कोठें संपणार हें देणाऱ्यालाहि ठाऊक होतें आणि घेणाऱ्यालाहि. पैसा मिळाला म्हणून कोणी 'ज्ञ' च्या पुढें आणखी अक्षरें निर्माण केलीं नाहींत. 'स्टार सिटिझन'ची वर्णमाला मात्र वर्गणीबरोबर लांबत गेली.

अपुरेपणा हाच दोष, असें माझें म्हणणें नाहीं. आमचें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेंतील हरिषेण राजाच्या काळीं, पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, अजिंठ्याचीं अनेक लेणीं कोरलीं गेलीं. त्याचा मंत्री वराहदेव यानें दान दिलेलें सोळावें लेणें आजहि त्याच्या शिलालेखासह उभें आहे. चोविसावें लेणें मात्र अर्धेंच राहिलें. तें पाहतांना मनांत हळहळ येते, संशय येत नाहीं. कारण तेथें छिन्नी थांबली ती थांबण्यांत कोणाचा लाभ होता म्हणून नव्हे.

येथें तोच प्रश्न उभा राहतो. या खेळाचा चरितार्थ नौकांच्या विक्रीवर चालतो, आणि पुष्कळ नौका नुसत्या चित्रावर विकल्या गेल्या आहेत. 'बानू मर्चंटमन' ही व्यापारी नौका पहिल्या कांहीं वर्षांतच विक्रीस आली; २०२४ संपेपर्यंत ती उडाली नव्हती. चित्रावर नौका घेणाऱ्याला तिचा आजन्म विमाहि बक्षीस मिळे. जी अजून जन्मली नाहीं तिच्या अपघाताची ही तरतूद! २०१८ मध्यें अशा नौकांचा एक संपूर्ण ताफा २७,००० डॉलरांस, म्हणजे तेव्हांच्या दरानें सुमारें अठरा लाख रुपयांस, विक्रीस ठेवला गेला, आणि ज्यानें आधींच हजार डॉलर खर्चिले असतील त्यालाच तो पाहावयास मिळे. खेळांत कमावलेल्या नाण्यानेंहि पुष्कळ नौका घेतां येतात, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु चाचणीच्या काळांत ती कमाई वेळोवेळीं पुसली गेली आहे, खऱ्या पैशाची नौका मात्र नांवावर टिकते. या विक्रीचें वाङ्मयहि वाचण्यासारखें आहे. 'एजिस', 'ड्रेक', 'ओरिजिन' हे नौका बांधणारे कारखाने कल्पित. त्यांचीं माहितीपत्रकें मात्र खऱ्या मोटारींच्या जाहिरातींच्या थाटाचीं. सबंध खेळांत लेखणीला जर कोठें धार आली असेल तर ती या पत्रकांत, असें मला वाटलें.

या व्यवहारांत 'खरेदी' हा शब्द टाळून 'प्लेज' हा शब्द योजतात. इंग्रजींत त्याचे दोन अर्थ आहेत; एक वचन आणि दुसरा गहाण. पहिल्या अर्थानें वचन देतो तो पैसे देणारा. काम पुरें करावयाचें ज्याच्याकडे आहे तो नव्हे. दुसऱ्या अर्थानें गहाण काय पडतें, याचा विचार मी मेडशीस चार दिवस करीत होतों, आणि त्याचें उत्तर पुतण्याशीं झालेल्या बोलण्यांतच मला सांपडलें.

मी म्हणें, "येथें माणसें निर्जीव दिसतात." तो म्हणे, "तें व्हायचें आहे, काका." मी म्हणें, "व्यापाराचा हिशेब लटका वाटतो." तो म्हणे, "तेंहि बदलणार आहे." मी एक दोष काढावा आणि त्यानें त्याला भविष्यकाळांत नेऊन ठेवावें. पुतण्या मूळचा चोखंदळ. पुस्तक आवडलें नाहीं तर तीसऱ्या पानावर मिटणारा. या एकाच विषयांत तो रसिक राहिला नव्हता, वकील झाला होता. त्याचा अभिप्राय त्यानें नौकेबरोबर गहाण ठेवला होता. ज्यानें फुकट पाहिलें तो टीका करील, ज्यानें वाजवी किंमत देऊन पुरी वस्तु घेतली तोहि करील. परंतु ज्यानें आशेवर पैसा लावला आहे त्याला टीका म्हणजे आपल्याच ठेवीवर दरोडा वाटतो. आणि कृति अपुरी असेपर्यंत टीकेला उत्तर देण्याची गरजच पडत नाहीं. कर्त्यांच्या हेतूंविषयीं मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. शेंकडों कुशल माणसें मनापासून खपत असतील. परंतु काम संपलें कीं वचनांची विक्री संपते, अशी ज्या धंद्याची रचना, तेथें काम संपविण्याची घाई कोणाच्या आंतून यावी?

घर बांधण्यापूर्वीं घेणाऱ्यासाठीं आपल्याकडे २०१६ सालीं कायदा झाला. घेतलेल्या पैशांतील सत्तर टक्के रक्कम त्याच बांधकामासाठीं वेगळ्या खात्यांत ठेवावी लागते आणि पुरें होण्याची तारीख आधीं नोंदवावी लागते. कल्पनेच्या घरांना असा कायदा असावा कीं नाहीं, हें विधिज्ञांनीं ठरवावें. कलेच्या क्षेत्रांत मात्र हा नियम फार जुना आहे. कर्त्यानें कृतीच्या शेवटीं पूर्णविराम देणें म्हणजे स्वतःला न्यायासनापुढें उभें करणें होय. बरें म्हणा, वाईट म्हणा. माझें सांगून झालें. हें धैर्य ज्यानें दाखविलें नाहीं त्याच्या चित्रांचें कौतुक करावें, पण त्याला कवि म्हणण्याची घाई करूं नये.

निघण्याच्या दिवशीं मीं पुतण्याला नौका विकून टाक असें सांगितलें नाहीं. पैसा त्याचा, श्रम त्याचे, आणि तो ग्रहोदय मीहि विसरलेलों नाहीं. एवढेंच म्हटलें कीं, पुढची नौका घेण्यापूर्वीं एका कागदावर या खेळाचे दोष लिहून काढ. 'व्हायचें आहे' हे शब्द त्यांत येतां कामा नयेत. दहा ओळी जमल्या तर खुशाल घे. तो हसून "बघतो" म्हणाला. वडील बंधू एस. टी. च्या थांब्यापर्यंत पोंचवावयास आले होते. त्यांचा प्रश्न मला त्या वेळीं पुन्हां आठवला, आणि तो वाटला होता तितका भोळा नव्हता असें ध्यानांत आलें. नौका कोठेंहि बांधावी लागत नाहीं हें खरें. पण तिचें वचन कोणत्या तरी तिथीला बांधलेलें असावें लागतें.