रेपिनकृत मुसोर्ग्स्कीचें चित्र : कुंचल्याची साक्ष

ऐतिहासिक व्यक्तींच्या चित्रांस पुस्तकाच्या आरंभीं शोभेची जागा मिळते. साधनाचा मान क्वचितच मिळतो. तो कोणत्या कसोटीवर द्यावा, हें इल्या रेपिन यानें काढलेल्या संगीतकार मोदेस्त मुसोर्ग्स्की याच्या तैलचित्रावरून चांगलें समजतें. मॉस्को येथील त्रेत्याकोव्ह संग्रहालयांत तें आहे.

चित्राचा काळ निश्चित आहे. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें २ ते ५ मार्च १८८१ या चार दिवसांत, पीटर्सबर्गच्या निकोलायेव्ह लष्करी रुग्णालयांत तें झालें. १ मार्च रोजीं झार दुसरा अलेक्झांडर याचा वध झाला होता; १६ मार्च रोजीं संगीतकार मरण पावला.

हा शेवट ठाऊक असल्यामुळें प्रेक्षक चित्रांत मृत्यूची छाया शोधूं लागतो. कुंचला निराळें सांगतो. हिरवट झगा व त्याचा गळ्याकडील किरमिजी पट्टा रुंद, वेगवान फटकाऱ्यांनीं उरकला आहे. पार्श्वभूमि फिकट व रिती. रुग्णालयाची एकहि वस्तु तींत नाहीं. विस्कटलेले केंस व दाढी मोकळ्या हातानें काढलीं आहेत. लाल नाक व सुजलेला चेहरा झांकलेला नाहीं. डोळ्यांपाशीं मात्र हात थांबतो. तेथील फटकारे लहान व जपून दिलेले आहेत. नजर प्रेक्षकास टाळून दूर लागली आहे. शरीर खचलें, बुद्धि जागी आहे, हा भाव घाई व सावकाशी यांच्या वांटणींतूनच उमटला आहे. चित्रांत विषाद आहे, विलाप नाहीं.

घाई प्रसंगानें लादलेली होती, तिला गुण कां म्हणावें, अशी शंका येईल. वेळ थोडा होता हें खरें. परंतु तो कोठें खर्च करावयाचा ही निवड चित्रकाराची होय.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा भेद नवा नाहीं. मुसोर्ग्स्कीच्या 'बोरिस गोदुनोव्ह' या संगीतनाटकावर त्याच्या पश्चात् रिम्स्की-कोर्साकोव्ह यानें दोनदा, १८९६ व १९०८ सालीं, संस्कार केले व मूळचा खडबडीतपणा घासून काढला. १९२८ सालीं पावेल लाम यानें हस्तलिखितांवरून मूळ पाठ प्रसिद्ध केला, तेव्हां रचनाकाराचा स्वतःचा हात पुन्हां दिसला. रेपिनच्या चित्रावर असा सुधारक हात फिरलेला नाहीं. झग्यावरचे खडबडीत फटकारे पहिल्याच लेखणीचे आहेत.

म्हणून चित्राची नोंद करितांना कर्ता, काळ व स्थळ यांबरोबर कुंचला कोठें धांवला व कोठें थांबला, हेंहि टिपावें. चेहरा कसा होता हें प्रतिकृतीहि सांगेल. त्याच्यासमोर बसलेल्यास काय महत्त्वाचें वाटलें, हें मूळ चित्रच सांगूं शकतें.