तुतारी कुणाच्या हातात?

शाळेत असताना केशवसुतांच्या ‘तुतारी’शेजारी मी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : तुतारी = क्रांती. मग कविता वाचायची गरजच उरली नाही.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत काही मतदारसंघांत ‘तुतारी’ आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ अशी दोन्ही चिन्हं होती. मतदारांची गल्लत झाल्याची तक्रार झाली. निवडणूक चिन्हाचा अर्थ एकच लागावा लागतो, नाहीतर मत भलतीकडे जातं. कवितेतल्या प्रतीकाला मात्र एकच अर्थ चिकटवला की ते मरतं.

म्हणून कविता पुन्हा उघडली. १८९३ची ही कविता सुरू होते तीच मागण्यापासून. बोलणाऱ्याच्या हातात तुतारी नाहीच! आपल्याकडे तुतारी वाजते ती नवरदेवासाठी, पालखीसाठी, पुढाऱ्यासाठी. वाजवणारा बाजूला उभा असतो, मान दुसऱ्याचा. केशवसुत पोटासाठी मास्तरकी करणारे. ते हे मानाचं वाद्य स्वतःच्या हातात मागतात, तेही जुन्या रूढींना हादरवायला. लग्नातली तुतारी आठवली तरच या मागण्यातला उद्धटपणा कळतो.

माझ्या त्या बरोबरच्या चिन्हाने नेमका तोच पुसून टाकला होता.