‘युलिसिस’ वाचायला पात्रता काय लागते?



विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला. जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ वाचायची तर आधी काय काय वाचलेलं असावं लागतं? होमर? शेक्सपिअर? बायबल? आयर्लंडचा इतिहास? थोडंफार लॅटिन? एवढी यादी ऐकली की माणूस म्हणतो, राहू द्या सर, हे आपल्यासाठी नाही. आज आम्हाला बोलायचंय ते या शेवटच्या वाक्याबद्दल. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य पुस्तकापुरतं थांबत नाही. कॉलेज, नोकरी, मोठ्या शहरातलं नाट्यगृह, कुठंही पाऊल टाकायच्या आधी आपण ते म्हणून मोकळे होतो.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘युलिसिस’ कठीण आहे, यात वाद नाही. पण तिच्यात जे मोलाचं आहे ते रोजच्या जगण्याचं आहे, आणि त्या बाबतीत अंबाजोगाईच्या वाचकाकडं पॅरिसच्या पंडितापेक्षा कमी भांडवल नाही.

पुस्तक काय आहे ते थोडक्यात पाहू. २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, ते पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालं. सिल्विया बीच नावाच्या बाईंचं तिथं पुस्तकांचं दुकान होतं, त्यांनी ते काढलं. गोष्ट एका दिवसाची, १६ जून १९०४ची. गाव डब्लिन. लिओपोल्ड ब्लूम हा अडतीस वर्षांचा गृहस्थ वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळवत हिंडतो. त्याची बायको मॉली गायिका आहे. दुपारी चारला तिच्याकडं बॉयलन नावाचा माणूस येणार आहे, आणि तो कशासाठी येणार हे ब्लूमला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हा बिचारा दिवसभर घराबाहेर राहतो. एका ओळखीच्याच्या अंत्यविधीला जातो, कचेरीत जातो, जेवतो, एका आंधळ्या तरुणाला रस्ता ओलांडून देतो. रात्री स्टीफन डेडॅलस हा हुशार, तिरसट, नुकतीच आई गेलेला तरुण त्याला भेटतो. ब्लूम त्याला घरी आणून कोको पाजतो. स्टीफन निघून जातो, ब्लूम झोपतो, आणि शेवटचं प्रकरण अंथरुणात जाग्या असलेल्या मॉलीच्या मनातलं. झाली गोष्ट.

आता एक गंमत बघा. आज हे पुस्तक विद्यापीठांच्या मालकीचं समजलं जातं. पण ते नवं होतं तेव्हा व्हर्जिनिया वुल्फबाईंनी आपल्या रोजनिशीत नाक मुरडलं होतं, की हे तर एखाद्या स्वतःचं स्वतः शिकलेल्या कामगारानं लिहिल्यासारखं वाटतं. याच बाईंनी पुढं १९२५ साली ‘सामान्य वाचक’ अशा अर्थाच्या नावाचं टीकालेखांचं पुस्तक काढलं. त्यांनी दोष म्हणून जे नोंदवलं, तीच आमच्या दृष्टीनं या कादंबरीची शिफारस आहे. ब्लूम तसाच माणूस आहे. ऐकीव माहिती, वर्तमानपत्रातली कात्रणं, अर्धवट आठवणारं शास्त्र, यांवर त्याचं डोकं चालतं. एसटी स्टँडवर शेजारी बसून चंद्रावरच्या गुरुत्वाकर्षणापासून सोयाबीनच्या भावापर्यंत सगळं सांगणारा माणूस आपल्याला नवा आहे का?

कठीणपणा दोन-तीन प्रकारचा आहे, तो वेगवेगळा करून पाहिला की भीती कमी होते. पहिला प्रकार म्हणजे मनातलं बोलणं. लेखक सांगत नाही की ‘ब्लूमला असं वाटलं’. तो थेट वाटणंच लिहितो, तुटक, अर्धवट. समीक्षेनं याला ‘संज्ञाप्रवाह’ असं भारदस्त नाव दिलं. मराठीत मर्ढेकरांनी १९४२ साली ‘रात्रीचा दिवस’मध्ये ही रीत आणली, पण त्या कादंबरीचं नाव परीक्षेच्या उत्तरात जेवढं येतं तेवढी ती घरात वाचली जात नाही. नावच इतकं जड, की माणूस दारातूनच परत फिरतो. प्रत्यक्षात भाजी निवडताना, बसची वाट बघताना आपल्या डोक्यात जे चालतं तेच हे. चार पानं मोठ्यानं वाचली की कानाला सवय होते.

दुसरा प्रकार संदर्भांचा. इथं आमच्या पदवीची साक्ष काढतो. तिसऱ्या प्रकरणात स्टीफन समुद्रकाठी एकटाच चालत ॲरिस्टॉटल आणि बर्कली यांच्या कल्पना घोळवतो. दृश्य जगातून सुटका आहे का, हा त्याचा प्रश्न. हे दोघे आम्ही तीसेक वर्षं वर्गात शिकवले. तरी सांगतो, ते ठाऊक असल्यानं आम्हाला संदर्भ कळला, आनंद मिळाला तो वेगळ्याच जागी. स्टीफन डोळे मिटून चालू लागतो आणि पायाखाली शिंपले कचकचतात. डोळे उघडेपर्यंत जग राहिलं असेल का, अशी गंमत तो स्वतःशी करतो. हे लहान पोरगंसुद्धा करतं. तत्त्वज्ञान तिथून सुरू होतं, आणि ते कळायला पीएच.डी. लागत नाही.

आम्ही चार-सहा निवृत्त मंडळींनी ही कादंबरी एकत्र वाचली. अठरा प्रकरणं, दर रविवारी एक, एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी अडवायचं. अठरा हा आकडा ऐकून आमच्यातले एक वारकरी गृहस्थ खूश झाले. त्यात गूढ काही शोधू नका, पण रीत घेण्यासारखी आहे. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेल्या प्रत्येकाला प्रत्येक ओवी कुठं कळते? तरी कुणी उठून जात नाही. न कळलेलं पुढं ढकलत, कळलेल्यावर मान डोलवत माणसं बसतात, आणि पुढच्या वर्षी थोडं जास्त कळतं. आपल्याच गावात दासोपंतांची पासोडी आहे, चाळीसेक फूट लांब कापडावर लिहिलेलं पंचीकरण. ती पाहायला येणारा माणूस एक कोपरा वाचतो, बाकीची नजरेनं पाहतो, आणि समाधानानं परततो. अर्थात फरकही आहे. पारायणात पुण्याचा भाग असतो. कादंबरी वाचून पुण्य लागत नाही, तेव्हा मजा आली नाही तर बसायचं कशाला? म्हणून मजा कुठं आहे तेच सांगतो.

सतरावं प्रकरण घ्या. सगळं प्रश्नोत्तरांत लिहिलेलं, अगदी शाळेच्या गाइडसारखं. मध्यरात्र उलटून गेलीय. ब्लूम किल्ली दुसऱ्या पँटमध्ये विसरलाय, कठड्यावरून उडी मारून स्वतःच्याच घरात शिरतो, आणि किटली भरायला नळ सोडतो. प्रश्न येतो: पाणी आलं का? एवढ्याशा प्रश्नाला जॉइस काय उत्तर देतो बघा. हो, आलं. कुठून आलं? विकलो परगण्यातल्या राउंडवुडच्या तलावातून, साठवण क्षमता २४० कोटी गॅलन. मग पाइपलाइन कुठून कुठून आली, दुसरा साठा कुठं, किती मैल, शहराच्या हद्दीत कोणत्या पुलाशी शिरली. मग पुढं: उन्हाळा लांबल्यानं पातळी सांडव्याच्या खाली गेलीय, पिण्याखेरीज इतर कामाला पाणी वापरायला नगरपालिकेनं बंदी केलीय, वेळ आली तर १८९३ सालासारखं कालव्याचं न पिण्याजोगं पाणी घ्यावं लागेल. आणि एका सरकारी संस्थेनं रात्रीला २०,००० गॅलन पाणी वाया घालवलं म्हणून तिला दोषी धरलंय, तेही सांगून होतं!

पुष्कळ टीकाकारांनी या उताऱ्याला माहितीचं विडंबन म्हटलंय. असेलही. आमच्या बैठकीत मात्र हा भाग वाचताना कुणी हसलं नाही. सगळे कान देऊन ऐकत होते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, कारण लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ते धरण आपल्या केज तालुक्यात, धनेगावला. नळ सोडला आणि पाणी आलं, या वाक्यामागं धरण, सांडवा, मृतसाठा, पाइप, अधिकारी, चोरी, बंदी एवढं सगळं उभं असतं, हे आम्हाला कुठल्या टीपेतून शिकावं लागत नाही. पुढं पानभर ब्लूम पाण्याचे गुण आठवतो. त्याला पाण्याचं वेड आहे, आणि स्टीफनला पाण्याचा तिटकारा. पठ्ठ्यानं शेवटची अंघोळ आदल्या ऑक्टोबरात केलेली! इथं मात्र सगळे हसले. पाण्याच्या स्तोत्रात शास्त्र आहे, भक्ती आहे आणि थट्टाही आहे. ज्याच्या घरी नळाला कधीच खळ पडत नाही त्याला यातली थट्टा आधी दिसते. आपल्याला भक्ती आधी दिसते.

दुसरी जागा सहाव्या प्रकरणातली. ही सांगताना आम्हाला जरा जपून बोलावं लागेल. चार माणसं घोडागाडीतून अंत्ययात्रेला निघालीत, त्यांत ब्लूम आहे. गप्पा चालू आहेत. बोलता बोलता एक जण म्हणतो की मरणाच्या सगळ्या तऱ्हांत वाईट म्हणजे स्वतःचा जीव घेणं, घराण्याला तो बट्टा. दुसरा म्हणतो, असं करणारा भित्रा असतो. तिसरा, कनिंगहॅम, घाईनं सावरून घेतो, की आपण कोण निवाडा करणार. कारण त्याला ठाऊक आहे की ब्लूमच्या वडिलांनी विष घेतलं होतं. ब्लूम काही बोलत नाही. त्याच्या मनात ती खोली येते, चौकशी येते, मुलासाठी लिहून ठेवलेलं पत्र येतं. आणि मनातल्या मनात कनिंगहॅमच्या चेहऱ्याबद्दल त्याला बरं वाटतं.

मित्रहो, आपल्या जिल्ह्यात या गाडीत आपण सगळे बसलेलो आहोत. पंचनामा, चिठ्ठी, पात्र-अपात्र ठरवणारी समिती, आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज बोलून जातं की संकटं सगळ्यांनाच असतात. त्याच बाकावर त्या घरचा मुलगा बसलेला असतो. तो काही बोलत नाही. जॉइसनं या गप्प बसण्यावर भाष्य केलेलं नाही, एक अश्रू ढाळलेला नाही, कुणाला खलनायक केलेलं नाही. बोलणारे वाईट नाहीतच, त्यांना फक्त माहीत नाही. इतक्या थोड्या जागेत एवढं दुःख एवढ्या अदबीनं मांडलेलं आम्ही फार कमी ठिकाणी वाचलंय. हे पान समजायला होमर लागत नाही.

तिसरी जागा बाराव्या प्रकरणातली, दारूच्या गुत्त्यातली. तिथं एक कडवा देशभक्त ब्लूमला डिवचतो. ब्लूमचे वडील हंगेरीतून आलेले ज्यू, मूळ आडनाव बदललेलं. तुझा देश कोणता, असं त्याला विचारलं जातं. इथंच जन्मलो, हाच माझा देश, असं साधं उत्तर तो देतो, आणि ते कुणाला पुरत नाही. शेवटी त्याच्यावर बिस्किटाचा डबा भिरकावला जातो. नाव सांगितल्यावर ‘आडनाव काय?’ हा प्रश्न ज्यानं ऐकलाय, आणि आडनावानंतर समोरच्याचा बदललेला आवाजही ऐकलाय, त्याला या प्रकरणाचा अर्थ कोणी सांगायचा?

म्हणजे सगळंच गोड आहे का? नाही. चौदावं प्रकरण आम्हाला आजही जड जातं. प्रसूतिगृहात मिसेस प्युअरफॉय तीन दिवस वेणा सोसतेय, खाली तरुण मंडळी दारू पीत बसलीत, आणि लेखक इंग्रजी गद्याच्या जुन्यापासून नव्यापर्यंत एकेका शैलीची नक्कल करत जातो. अशी कल्पना करा, की मराठीत कुणी लीळाचरित्राच्या गद्यात सुरुवात केली, मग बखर, मग चिपळूणकर, मग आगरकर, असं करत शेवटी नाक्यावरच्या पोरांच्या भाषेत संपवलं. गर्भ वाढतो तशी भाषा वाढते, अशी यामागची कल्पना, असं सांगतात. कल्पना छान आहे. पण जिचा जीव टांगणीला लागलाय ती बाई भाषेच्या कसरतीत हरवते. हा दोष आम्हाला कारागिरीचा वाटत नाही, माणुसकीचा वाटतो. आणि तो जाणवतो, कारण बाकी कादंबरीत जॉइसनं हीच माणुसकी भरभरून दाखवलीय. सामान्य वाचकानं एवढं म्हणायला घाबरू नये. थोर पुस्तकाला नमस्कार करावा, पण डोळे उघडे ठेवून.

एक आक्षेप येईल, तो आम्हीच घेतो. दुष्काळ, आत्महत्या, आडनाव, असं सगळं आपल्याकडचंच पुस्तकात शोधलं, तर ते जॉइसचं वाचन की स्वतःचंच? प्रश्न रास्त आहे. अभिनवगुप्तांनी रसिकाला ‘सहृदय’ म्हटलं, पंडित म्हटलं नाही. पण सहृदय होण्यासाठी काव्याच्या सततच्या परिशीलनानं मनाचा आरसा स्वच्छ झालेला असावा लागतो, अशीही अट घातली. म्हणजे सराव हवा. आपला अनुभव हे आत शिरायचं दार आहे. आत गेल्यावर मात्र घर त्यांचं आहे, तिथली माणसं त्यांच्या रीतीनं वागतात. ब्लूम शेतकरी नाही, डब्लिन म्हणजे बीड नाही. अकरा दिवसांचा होऊन गेलेला मुलगा, रुडी, दहा वर्षांनंतरही ज्या तऱ्हेनं ब्लूमच्या मनात येत राहतो, ती तऱ्हा त्याचीच आहे. ती पुन्हा पुन्हा वाचूनच कळते. ज्यांना संदर्भग्रंथ धुंडाळायचेत त्यांनी जरूर धुंडाळावेत; आम्हीही तेच केलं, पण दुसऱ्या वाचनात.

आता शेवटचं, व्यवहाराचं. पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. चौथ्यापासून करा, तिथं ब्लूम सकाळी मांजराशी बोलतोय. मॉली एका पुस्तकातल्या अवघड शब्दाचा अर्थ विचारते. तो शब्द असतो पुनर्जन्माचा! ब्लूम पंडिती थाटात समजावू लागतो, ती वैतागून म्हणते की साध्या शब्दांत सांग की, आणि तेवढ्यात खाली चुलीवरचा गुर्दा करपतो. चौथं, पाचवं, सहावं झालं की मागं येऊन पहिली तीन वाचा. इंग्रजी जड जात असेल तर एकट्यानं वाचू नका, दोघं-तिघं बसा. आयर्लंडच्या रेडिओनं १९८२ साली, जॉइसच्या जन्मशताब्दीला, संपूर्ण कादंबरी नटांकडून वाचून घेतली होती, सुमारे तीस तासांची. ती इंटरनेटवर ऐकायला मिळते. डोळ्यांनी न कळलेलं पुष्कळसं कानांनी कळतं. अडलं तर पान उलटा, कोणी परीक्षा घेणार नाही. आणि जी जागा आवडली ती घरी कुणाला तरी मराठीत सांगून बघा. सांगता आली, की समजा ती तुमची झाली.

वेळ झालीय, इथं थांबतो आम्ही. कुणाला चौदाव्या प्रकरणाची बाजू मांडायची असेल तर आधी त्यांना माइक द्या.