राक्षसाची वाणी : 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळातील वध्य पात्रांच्या भाषेविषयी

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा संगणकजालावर असंख्य खेळाडूंनी एकाच कल्पित जगात खेळावयाचा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्याच्या जगाची बरीच पुनर्रचना झाली. तथापि २०१९ मध्ये 'क्लासिक' या नावाने त्याचे जुने रूप पुन्हा उपलब्ध करून देण्यात आले, आणि प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्या जुन्या रूपासंबंधी आहे. मानववंशी पात्र घेऊन या जगात उतरणाऱ्या खेळाडूस नॉर्थशायर येथील मार्शल मॅकब्राइड हा अधिकारी जी आरंभीची युद्धकामगिरी सांगतो ती अशी : दहा 'कोबोल्ड व्हर्मिन' ठार मारावेत. उंदरासारख्या तोंडाचे, डोक्यावर जळती मेणबत्ती धारण करणारे हे खाणीतले जीव होत. लढाई जुंपताच ते एक वाक्य उच्चारतात, आणि ते वाक्य या खेळाच्या चाहत्यांत म्हणीइतके रूढ झाले आहे : 'यू नो टेक कँडल!'

वाक्य चारच शब्दांचे आहे, पण त्याची मोडणी पाहण्यासारखी आहे. इंग्रजीत नकारासाठी आवश्यक असणारे सहायक क्रियापद येथे गळाले आहे. 'नो' हे पद थेट मुख्य क्रियापदापूर्वी आले आहे. नामामागील उपपद लोपले आहे. मराठीत त्याचे 'तू नाही घेणे मेणबत्ती' असे काहीसे रूप होईल. परकीयांशी बोलताना किंवा परकीयांची नक्कल करताना एखादा भाषिक समाज स्वभाषेचे जे हेतुतः मोडलेले रूप वापरतो, त्याचे विवेचन चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९७१ च्या आपल्या निबंधात केले आहे. कोबोल्डाचे बोलणे हे त्या रूपाचे शुद्ध उदाहरण होय. म्हणजे ही कोबोल्डाची भाषा नव्हेच. कोबोल्ड कसा बोलत असेल याविषयी इंग्रजी बोलणाऱ्याने केलेली ती कल्पना आहे. या खेळांवर जी टीका लिहिली जाते ती बहुधा चित्रे, नियम आणि व्यसन यांविषयी असते. राक्षस काय बोलतो याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही, आणि भाषेच्या अभ्यासकाने तरी ही उणीव चालू देऊ नये.

शत्रूची वाणी सदोष मानण्याची चाल आपल्याला अपरिचित नाही. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाध्ययनाची प्रयोजने सांगताना असुरांची कथा दिली आहे. युद्धाच्या ऐन गर्जनेत त्यांनी रकाराच्या जागी लकार उच्चारला आणि ते पराभूत झाले. 'म्लेच्छ' शब्दाच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थही अस्पष्ट बोलणे असाच. 'वेणीसंहार' नाटकाच्या तिसऱ्या अंकारंभी रणभूमीवर रक्तमांस गोळा करीत हिंडणारे राक्षसदांपत्य प्राकृतात बोलते, हेही अभ्यासकांस ठाऊक आहे. पण याच परंपरेतला रावण संस्कृत बोलतो, आणि इतके चांगले बोलतो, की आपण द्विजासारखे संस्कृत बोललो तर सीता आपल्याला रावणच समजून भयभीत होईल, अशी शंका वाल्मीकीच्या हनुमंतास सुंदरकांडात येते. क्षुद्र राक्षसास प्राकृत आणि राक्षसेंद्रास संस्कृत, अशी ही वाटणी आहे.

या खेळात नेमकी हीच वाटणी दिसते. 'मोल्टन कोअर' या गुहेच्या अंती असणारा अग्नीचा स्वामी रॅग्नारोस याच्याशी लढण्यास मूळ खेळात चाळीस खेळाडूंचे पथक नेण्याची मुभा होती. तो लढाईपूर्वी आपल्या कारभाऱ्याशी भारदस्त, काहीशा आर्ष इंग्रजीत बोलतो. उपपदे आणि सहायक क्रियापदे सर्व जागच्या जागी. शत्रू जितका बलवान तितके त्याचे व्याकरण शुद्ध. मात्र शुद्ध व्याकरणाने रॅग्नारोसचा जीव वाचत नाही. त्याच्या मरणास फक्त प्रतिष्ठा येते.

नामांची व्यवस्थाही अशीच आहे. 'कोबोल्ड व्हर्मिन' हे सामान्यनाम आहे, विशेषनाम नव्हे, आणि व्हर्मिन म्हणजे उंदीर-घुशींसारखा उपद्रवी जीव. नावातच वधाचे समर्थन आले. ज्यास मारणे कठीण, त्यास मात्र विशेषनाम मिळते. एल्विनच्या अरण्यातील हॉगर हा नवख्या खेळाडूंस पळवून लावणारा तरसमुखी राक्षस त्यामुळेच प्रसिद्धी पावला. अर्थात् तोही मेल्यावर थोड्या वेळाने त्याच जागी पुन्हा उपजतो, त्यामुळे विशेषनामाचा अर्थ तेथे काय उरतो, हा प्रश्न तर्कशास्त्रज्ञांनी हाती घेण्याजोगा आहे. अशा सर्व वध्य पात्रांस खेळाडू 'मॉब' म्हणतात. हा शब्द इसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचिलेल्या 'मड' या केवळ शब्दमय खेळातून आला. तेथे हिंडत्या पात्रास 'मोबाइल' म्हणत, त्याचा हा संक्षेप. मौज अशी, की इंग्रजीतील झुंड या अर्थाचा जुना 'मॉब' हाही सतराव्या शतकात 'मोबिले व्हल्गुस', म्हणजे चंचल प्राकृतजन, या लॅटिन शब्दबंधाच्या संक्षेपानेच झाला. दोन्ही संक्षेप परस्परांपासून स्वतंत्र. अर्थ मात्र एकाच ठिकाणी येऊन पोहोचला.

आता मेणबत्तीकडे वळू. नॉर्थशायर सोडून खेळाडू गोल्डशायर या गावी येतो. तेथे विल्यम पेसल नावाचा गृहस्थ त्यास कोबोल्डांच्या आठ मोठ्या मेणबत्त्या आणावयास सांगतो. त्या मिळविण्याचा मार्ग एकच : कोबोल्ड मारून त्याच्या प्रेतावरून त्या उचलणे. म्हणजे जे मोडके वाक्य ऐकून खेळाडू हसला, ते अक्षरशः खरे ठरते. कोबोल्डाने त्याचा हेतू त्याच्याही आधी ओळखला होता. त्या वाक्यात स्वामित्वाचा दावा आहे आणि प्रतिषेध आहे. माझ्या मते संपूर्ण अरण्यात इतके सत्य आणि इतके न्याय्य वाक्य दुसरे कोणी बोलत नाही. मग ते हास्यास्पद का वाटते? केवळ मोडणीमुळे. तेच शुद्ध इंग्रजीत उच्चारले असते तर खेळाडूचा हात क्षणभर तरी अडखळला असता. येथे व्याकरणदोषाचे कार्य विनोद हे वरवरचे आहे. त्याचे खरे कार्य दावा ऐकू न येऊ देणे हे आहे.

कोणी म्हणेल, ही थट्टा आहे, आणि खेळाडूंना कोबोल्ड प्रियच आहेत. प्रिय आहेत हे खरे. पण ज्याची थट्टा प्रिय असते त्याचे म्हणणे ऐकले जातेच असे नाही; बाजारात परप्रांतीयाच्या बोलण्याची प्रेमाने नक्कल करणारे आपणही काही थोडे नाही. मूळ जर्मन लोककथांतील कोबोल्ड घरात आणि खाणीत राहणारा खोडकर पिशाच होता. घरच्या कोबोल्डास अन्न देऊन राजी राखीत. खाणीतल्याचे नाव कोबाल्ट या धातूस चिकटले. त्याच्याशी व्यवहार होत असे. नव्या जगात आल्यावर तो व्यवहार संपला, उरली ती गणती : दहा.

हीच युक्ती माणसांवरही चालविली गेली, हे अधिक चिंत्य आहे. खेळात दोन पक्ष आहेत. एका पक्षाचा खेळाडू जे लिहितो ते दुसऱ्या पक्षास कळू नये म्हणून यंत्र प्रत्येक शब्दाच्या जागी तितक्याच अक्षरांचा निरर्थक शब्द घालते. हसण्याचा निदर्शक असा जो तीन अक्षरी इंग्रजी संक्षेप जालावर रूढ आहे, तो ऑर्काने लिहिला की मानवपक्षास 'केक' असा दिसतो. पलीकडे जिवंत माणूस बसला आहे आणि तोही बहुधा इंग्रजीच लिहीत आहे. तरी पडद्यावर तो राक्षसासारखा घुरघुरतो. परंतु अदलाबदल नियमबद्ध असल्यामुळे खेळाडूंनी ती ताडली, आणि 'केक' हे हास्याचे चिन्ह म्हणून जालावर अन्यत्रही वापरात आले. २०२२ पासून काही लढायांत दोन्ही पक्षांस एक पथक करण्याची मुभा मिळाली आहे.

राहता राहिले मर्लॉक, किनाऱ्यावर झोपड्या बांधून राहणारे मत्स्यमुख जीव. त्यांच्या वाट्यास मोडकी इंग्रजीही आलेली नाही; केवळ व्यंजनांचा गळगळाट. २००८ मध्ये आलेल्या पुरवणीत बोरियन टंड्राच्या किनाऱ्यावर त्यांचा मर्गल-मर्गल नावाचा राजा भेटतो, आणि त्याच्याकडील एका कामगिरीचे नावच 'संवाद साधण्यास शिकणे' या अर्थाचे आहे. प्रथम त्याचे बोलणे गळगळाटच असते. ठरलेले काम करून आल्यावर ते अर्थपूर्ण ऐकू येऊ लागते. राजा बोलका आहे, आर्जवी आहे, आणि त्याच्यावर शस्त्र उचलण्याचा विचारही मनात येत नाही. मग तो आपली अडचण सांगतो : पलीकडच्या तळावरील मर्लॉक त्याचे वैरी झाले आहेत, आणि ते मारावयाचे आहेत. त्यांचा गळगळाट मात्र खेळाडूसाठी कोणी उलगडून ठेवलेला नाही.